फळ्याचा फोटो काढला, म्हणजे अभ्यास झाला?

गेल्या पंधरवड्यात एक मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती कोपरखैरण्याला राहते, कॉलेज ठाण्यात. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नोट्स काढायचे दिवस गेले. फळ्याचा फोटो काढा, पीडीएफवर पिवळा रंग मारा, परीक्षेआधी तीनदा वाचा. स्पीड रीडिंग शिकलात तर मिनिटाला हजार शब्द होतात. आणि आपण 'बघून' शिकणारे की 'ऐकून', ते ओळखून तसाच अभ्यास करा.

आधी फोटोंचं बघू. भाचीचा फोन मागून घेतला. गणपतीच्या आरतीचे फोटो, मग अर्थशास्त्राचे सात फळे, मग पाणीपुरी. एका फळ्यावर मागणीच्या लवचिकतेचं (भाव बदलला की मागणी किती बदलते, त्याचं) सूत्र होतं, अर्धं पुढच्या बाकावरच्या डोक्याआड. "यात सर काय म्हणाले?" "मामा, सूत्र आहे ना!" जरा खोदल्यावर आठवलं: मीठ महागलं म्हणून कुणी आमटी अळणी करत नाही, पण हॉटेल महागलं की माणसं घरी जेवतात. अख्खा धडा या एका वाक्यात होता आणि ते फळ्यावर कुणीच लिहिलं नव्हतं. किचकट आकृतीचा फोटो जरूर काढा, पण ऐकलेलं तुम्ही टिपलं नाहीत तर ते तासाबरोबर संपतं.

इथे काही जण म्युलर आणि ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा 2014 चा अभ्यास पुढे करतात. लॅपटॉपवर लिहिणारे शब्दशः उतरवत गेले आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडले, असं त्यात दिसलं होतं. पण पुढे तोच प्रयोग इतरांनी केला तेव्हा फरक तेवढा ठळक आला नाही. त्यामुळे 'हातानेच लिहा' असा माझा हट्ट नाही. टाइप करा, फक्त सरांचं वाक्य आपल्या भाषेत आणून.

पिवळा रंग आणि तीनदा वाचन, ही या मेसेजमधली सगळ्यात फसवी जागा. मीही फसलोय. सीनियरच्या झेरॉक्स नोट्सवर इतका मार्कर फिरवला होता की न रंगवलेली ओळ शोधावी लागे. पानं ओळखीची वाटायची, पेपर हातात आला की डोकं कोरं. 2013 मध्ये मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या 10 पद्धती तपासल्या. रंगवणं आणि पुन्हा वाचणं तळाला गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं वर आलं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात तर गंमतच झाली. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो.

स्पीड रीडिंग? माणूस मनात वाचतो ते साधारण मिनिटाला 200 ते 400 शब्द. त्यापुढे नजर धावते, अर्थ मागे राहतो. हजाराच्या वेगाने कंपनी कायद्याचं एक कलम वाचा आणि शेजाऱ्याला समजावून दाखवा.

'बघून' आणि 'ऐकून' शिकणाऱ्यांची वाटणी तर 2008 च्या एका संशोधन-आढाव्यातच पुराव्याअभावी लंगडी ठरली आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते: मुलांकडे वेळ नाही. म्हणून भाचीला कॉलेजला जायच्या ट्रान्स-हार्बर लोकलचाच हिशेब घालून दिला. वहीच्या डाव्या बाजूला चार बोटं समास सोडायचा. तास संपला की त्यात फक्त प्रश्न लिहायचे. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची ही जुनी युक्ती. कोपरखैरण्याहून रबाळ्यापर्यंत वाचायचं. रबाळे आलं की उजवी बाजू रेल्वे पासाने झाकायची आणि ठाण्यापर्यंत समासातल्या प्रश्नांची उत्तरं मनात द्यायची. गर्दीत पान उलटायला जागा नसते, त्यामुळे चोरून बघणंही होत नाही.

परवा ऐरोलीहून तिचा मेसेज आला: "पेट्रोल महागलं तर मागणी लगेच फारशी घटत नाही, पण काही वर्षांनी घटते. का?" मलाही चटकन सुचेना. दिघा गावपर्यंत तिचाच दुसरा आला: "आठवलं. तोवर लोक सीएनजीची गाडी घेतात."