घरात कुणी पावती मागतं का?

कंपनी म्हणजे कुटुंब, हे तुम्हाला रुजू झाल्या दिवशीच सांगितलेलं असतं. मग जरा कुठे वाजलं की कायद्याचं पुस्तक काढायचं, हे शोभतं का?

त्यापेक्षा पथ्य पाळा. कागद जवळ ठेवायचाच नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, इन्क्रिमेंटचं पत्र, सगळं ऑफिसच्या मेलवर राहू द्या. घरच्या मेलवर पाठवणं म्हणजे अविश्वास. मग एके दिवशी साडेपाचला एचआरचं बोलावणं येतं, सहाला पासवर्ड चालेनासा होतो आणि मन कसं हलकं होतं. आता भांडायचं म्हटलं तरी कशाच्या जोरावर भांडणार?

माझ्या वेळी केबिनमध्ये टेबलावर पाण्याचा ग्लास, टिश्यूचा डबा आणि एक कोरा फुलस्केप होता. पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलेलं. ‘‘आम्ही काढलं तर तुमचं रेकॉर्ड खराब होईल. तुम्हीच राजीनामा द्या. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.’’ मी ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. तुम्हीही द्या. ‘उद्या सांगतो’ म्हणून उठू नका. राजीनामा दबाव टाकून लिहून घेतला, असा मेल त्याच रात्री पाठवायचं तर मनातही आणू नका. त्यांनी काढलं असतं तर नोटीस, चौकशी, नुकसानभरपाई ही सगळी भानगड कंपनीच्या गळ्यात पडली असती. तुम्ही आपणहून गेलात, विषय संपला. शुद्धलेखन मात्र तपासून घ्या.

त्याआधी जमलं तर बढती पदरात पाडून घ्या. पगार तोच, काम तेच, मशीनपाशी उभं राहणंही तेच, पण कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’. ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे मागायला तुम्ही आता कामगार थोडेच राहिलात? कामगार आयुक्तांच्या ऑफिसातही साहेब माणसानं रांगेत उभं राहू नये. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं, असं एखादा वकील सांगेल. अशा माणसांपासून लांब राहा. कार्ड लॅमिनेट करून घ्या.

‘फुल अँड फायनल’ला, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाला, पंचेचाळीस दिवस लागतात म्हणाले, तर मान डोलवा. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेली वेतन संहिता म्हणते की राजीनामा दिला काय नि काढलं काय, उरलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करा. पण संहिता दिल्लीत झाली. अकाउंट्सवाले साहेब इथले, आणि ते रजेवर आहेत. ग्रॅच्युइटीचं गणित तर घालूच नका. शेवटचं वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. 26 हजारांवर दहा वर्षं काढली असतील तर दीड लाख होतात, आणि तेही 30 दिवसांत द्यायचे. असे आकडे कळले की उगाच झोप उडते.

पीएफचं पासबुकही उघडू नका. स्लिपवर कापलेले दिसतात, झालं की! कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे खरा, पण मालकांच्या मुलीचं लग्न आहे, समजून घ्या.

बायकांचं पथ्य निराळं. साहेबांच्या रात्रीच्या मेसेजांचा त्रास झाला, तर तीन महिने ‘जाऊ दे’ म्हणत काढा. तक्रारीची मुदत एरवी तेवढीच असते; समितीनं लेखी कारण देऊन वाढवली तरच आणखी तीन महिने. दहा माणसं असली की ऑफिसात समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, एक सदस्य बाहेरचा हवा. तुमच्याकडे ती आहेच, नोटीस बोर्डावर, जुन्या कॅलेंडरच्या मागे. यादीतल्या दोघी केव्हाच नोकरी सोडून गेल्यात, एवढंच.

आणि शेवटच्या दिवशी ‘कंपनीकडून माझं काहीही येणं नाही’ या कागदावर, पैसे हातात पडायच्या आधीच सही करून टाका. मीही केली आणि मोकळ्या मनानं गेटवर आलो. हातात माझा टेबलफॅन होता, उन्हाळ्यात घरून आणलेला.

वॉचमन म्हणाला, ‘‘आत आणल्याची नोंद दाखवा.’’

नव्हती. फॅन अजून तिथेच आहे.