बेळगाव की नाशिक, हे फौजी विसरत नाही

एका लेखात एका ताईंनी लिहिलंय की त्यांचा मित्र स्वतःला माजी सैनिक म्हणवतो पण ते खोटं वाटतं, त्या ताईंचा संशय मला पटला, तो मित्र म्हणतो मी मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटमध्ये होतो, 1999 ला कारगिलला होतो आणि रिक्रूट ट्रेनिंग नाशिकला झालं, अहो मराठाचं ट्रेनिंग सेंटर बेळगावला आहे, नाशिकला तोफखान्याचं, फौजी माणूस बाकी काहीही विसरेल पण जिथं उस्तादाने, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याने, घाम काढला ते गाव नाही विसरणार. आमच्या साताऱ्याकडं भावकीत निम्मे फौजी, काकांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात फौजेतला नंबर लिहिलाय तो ते आजही झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगतात.

तरी चारचौघात पुरावे मागू नका प्लीज. ट्रेनिंगमधूनच मेडिकल बोर्ड होऊन, म्हणजे तब्येतीमुळे अनफिट ठरून, परत आलेली पोरं असतात, गावाला तोंड कसं दाखवायचं म्हणून एक थाप मारतात आणि मग ती वाढतच जाते. एकटं गाठून सरळ विचारा, फौजेतून सुटताना मिळतं ते डिस्चार्ज बुक दाखव म्हणा. पण माजी सैनिक म्हणून कुठं नोकरी घेतली असेल, लोकांकडून पैसे घेतले असतील, तर मात्र मैत्री बाजूला ठेवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाच, तो हक्क वीरपत्नींचा आणि खऱ्या जवानांचा आहे.