लाली वेगळी, भाजणं वेगळं

चेहऱ्यावरचे केस लेझरने काढण्याबद्दलच्या लेखातलं 'थोडी लाली येते, बाकी काही होत नाही' हे वाक्य अपुरं आहे. केसांच्या मुळांभोवती बारीक लालसर पुरळ आणि किंचित सूज येणारच. ती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसते. पण फोड आला, खपली धरली किंवा हँडपीसच्या (त्वचेवर टेकवतात त्या मशीनच्या दांड्याच्या) टोकाच्या आकाराचा काळपट डाग उमटला, तर ते भाजणं आहे. त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, घरचे लेप नकोत. लेझर मेलॅनिनवर, म्हणजे केसांच्या आणि त्वचेच्या रंगद्रव्यावर, काम करतो, आणि सावळ्या त्वचेत ते वरच्या थरातही भरपूर असतं. म्हणून 755 नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेझर आपल्या रंगाला जोखमीचा. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो, वरचा थर त्यामानाने वाचतो. मशीन कोणतं हे बिनधास्त विचारा आणि आधी कानापुढे टेस्ट पॅच, म्हणजे छोट्या जागेवर चाचणी, मागा.

मला सर्वांत खटकलं ते हे, की केस कमी होण्याऐवजी वाढूही शकतात याचा लेखात उल्लेखच नाही. गाल, जबड्याची कड, हनुवटीखालचा भाग इथली मऊ लव लेझरनंतर कधीकधी दाट आणि काळी होते. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असेल तर जास्तच सांभाळा. नुसती लव असेल तर लेझर करूच नका.

थ्रेडिंग-वॅक्सिंग चार आठवडे आधी बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर धरणार काय? आदल्या दिवशी रेझर चालतो. ओठांवर वारंवार तापाचे फोड येत असतील तर आधीच सांगा, डॉक्टर गोळ्या सुरू करतात. भुवईखाली मात्र लेझर नकोच, गॉगल असला तरी.