प्लग पुसा, पावणं

डिझेल गाडीला ठिणगीचा प्लग नसतो. हे वाक्य मी परवा कोल्हापूरजवळ वडणग्याच्या रस्त्यावर, भर पावसात, इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी माझाच त्यावरचा विश्वास उडायला लागला.

झालं ते थोडक्यात सांगतो. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं, गुडघ्याच्याही खाली. पलीकडून मोटारसायकली येत होत्या. माझी फोर बाय फोर, म्हणजे ट्रान्स्फर केस नावाच्या मधल्या डब्यातून चारी चाकांना ताकद जाणारी. त्या डब्याचा लो, म्हणजे सावकाश पण जोराचा गिअर टाकला, वर दुसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवर एकसारखा. सगळं शास्त्रोक्त. अमुक मिलिमीटर पाण्यातून गाडी जाते असं कंपनीच्या कागदावर छापलेलं असतं, पण तो आकडा उभ्या पाण्याचा. समोरून डंपर सुसाट येईल, त्याच्या ड्रायव्हरच्या कानाला फोन असेल आणि त्याची लाट बॉनेटवरून काचेवर आदळेल, याचा आकडा कुणी छापत नाही. पाण्यातून बाहेर आलो तर गाडी ओढेना. मागं काळा धूर. थोडं पुढं चढावर जाऊन ती गचके खात बंद पडली.

मी सेल्फ मारला नाही. डिझेल इंजिन हवा पंधरा-सोळा पट दाबतं आणि मग त्यात डिझेल फवारतं. हवा दबते. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये फुलपात्रभर पाणी जरी असलं आणि तुम्ही चावी फिरवली, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग नुसती गाडी नाही, घरातलं वातावरणसुद्धा दुरुस्तीला न्यावं लागतं. पण माझा अंदाज तेवढा वाईट नव्हता. इंजिन खाडकन अडकलं नव्हतं, हळूहळू गुदमरलं होतं. धूर पांढरा नव्हता, काळा होता. म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "एअर फिल्टर ओला झालाय." ही वेळ लक्षात ठेवा. साक्षीदार पुष्कळ होते, पण ऐकलं कुणीच नाही.

कारण तोवर तात्या आले होते.

तात्यांनी युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेतलेली. त्यांच्या एम-ऐटीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. गाडी स्टँडवर लावून ते माझ्या बॉनेटला दोन प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "प्लग वला झालाय. काढा, पुसा, हुतीया चालू."

"मामा, डिझेल आहे ही. हिला तसला प्लग नसतो."

"प्लग नसतो?" तात्यांनी जमलेल्या लोकांकडं पाहिलं. "आरं, पावण्याच्या गाडीत प्लगच न्हाई म्हणं."

लोक हळहळले. एकानं कुठून घेतली, किती दिवस झाले, अशी चौकशी केली. दुसरा म्हणाला, फसवलं तुम्हाला.

गार इंजिन चालू व्हावं म्हणून आत ऊब देणारे हीटर प्लग असतात, हे मी सांगून बघितलं. ते चुकलंच. "मग असत्यात की! मघाशी न्हाई का म्हणत हुतासा?" तात्या आता फॉर्मात आले. खोळ मागं सारून ते बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले. आतून आवाज आला, "हँडल कुठाय?"

"कसलं हँडल?"

"फिरवायचं! आमच्या नदीवरच्या इंजनाला हँडल हुतं. पाणी गेलं की वरचा खटका उचलायचा, चार येडं हँडल मारायचं, पिचकारी उडायची. खटका पाडला की धाडधाडधाड चालू. तुमच्या गाडीला खटका कुठाय?"

आता इथं मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की तात्यांचं शास्त्र बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जुन्या ऑइल इंजिनांना तो खटका असायचा. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब तयार होत नाही आणि पाणी सरळ बाहेर पडतं. माझ्या इतक्या लाखांच्या गाडीत स्क्रीन आहे, त्या स्क्रीनवर गाडी किती अंशात कलली ते दिसतं, पण खटका नाही.

"खटका नाही, हँडल नाही, प्लग हाय का न्हाई ते पावण्याला म्हाईत न्हाई," तात्यांनी निकाल दिला. "ढकला."

चार पोरं लगेच मागं लागली. मी चाकासमोर आडवा व्हायचाच राहिलो होतो. धक्का मारून क्लच सोडला काय आणि सेल्फ मारला काय, रॉडला दोन्ही सारखंच. हे ओरडून सांगत असताना तात्यांची यादी चालूच होती. डिझेलात पाणी. बॅटरी बसली. टायमिंग हललं. पंपात हवा. वारं घेईना झालीया. सायलेन्सरात गाळ. एवढे तीर मारल्यावर त्यातला एक लागणारच ना? शाळेत आमच्या वर्गात एक जण नकाशावर सगळीकडंच कोयना लिहायचा.

मधेच एकानं विचारलं, "पाणी किती फुटावर?" आणि सगळा घोळका माझी गाडी सोडून पंचगंगेच्या पुराच्या गप्पांकडं वळला. कोल्हापुरात जुलैमध्ये नमस्कारानंतरचा प्रश्न हाच. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथं शाळेत न गेलेल्यालाही पाठ आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला त्याहूनही वर. ते कुणाच्या घरात कुठवर आलं होतं, याच्या खुणा हात उंचावून दाखवल्या गेल्या. मग राधानगरीचे दरवाजे. ते सात, स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात. मी भिजत उभा. एवढ्या जाणत्या गावात वर्षानुवर्षं त्याच ओढ्याची मोरी तुंबते, गवत आणि प्लॅस्टिक तिथंच अडकतं, पाणी रस्त्यावर येतं, आणि ती उपसायचं मात्र कुणाच्याच पाठांतरात नाही. दरवाजे आपोआप उघडतात, मोरी आपोआप उघडत नाही.

शेवटी तात्यांच्या पुतण्यानं ट्रॅक्टरला दोर बांधून मला शिवाजी पुलावरून उद्यमनगरात आणलं. फोर बाय फोर ट्रॅक्टरमागं चाललेली बघून पुलावरच्या लोकांनी फोटो काढले.

मिस्त्री बोलले नाहीत. बोलणाऱ्यांमध्ये दिवस काढल्यावर न बोलणारा माणूस काय सुंदर दिसतो! त्यांनी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आतला कागद फुगून घड्या एकमेकींना चिकटलेल्या. अंगठ्यानं दाबला तर बोटांवरून मनगटापर्यंत पाणी. मग पुढच्या पाइपात बोट घालून बघितलं. कोरडं. तरीही हीटर प्लग काढले, पाना लावून इंजिन हातानं सावकाश दोन फेरे फिरवलं. पिचकारी उडाली नाही. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडलं, नवा एअर फिल्टर बसवला, चावी फिरवली. चालू.

पुतण्यानं तिथूनच फोन लावला. "तात्या, वारंच तुंबलं हुतं! तुमी म्हणला हुता नव्हं!"

मी म्हणालो होतो. मी. आधी.

विम्यासाठीही फोन केला. इंजिनात पाणी गेलं का, पलीकडच्या बाईंनी विचारलं. नाही म्हटलं. मग क्लेम कशाचा? म्हटलं, गेलं असतं तर? तर इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घेतलंय का? नाही. मग तरीही नाही. म्हणजे इंजिन वाचवलं तरी काही नाही, मोडलं असतं तरी काही नाही. हप्ता मात्र न चुकता.

तोवर मिस्त्री गाडीखाली गेले होते. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, नट सैल केला तर तेल पांढुरकं, म्हणजे त्यात पाणी. गरम झालेला डबा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून, म्हणजे डब्याच्या हवेच्या नळीतून, पाणी आत ओढलं जातं. तात्यांच्या यादीत हे नव्हतं, एवढं समाधान मी मानून घेतलं.

"बदला मग मागचं तेल," मी म्हणालो.

"फुडचंबी," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले. "आन मधल्या ट्रान्स्फर केसचंबी. चारी चाकांची हौस हाय नव्हं?"