'विद्यार्थ्यांच्या मानाने'

काल जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये विद्यापीठाच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा ऐकला. संगीतकार गुस्टाव्ह मालरची पहिली सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना. संगीत शिकणारी मुलं नव्हेत ही. कुणी मेडिकलचं, कुणी फिजिक्सचं. आमच्या लॅबमधला एकजण डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य वाजवतो. बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणालं, "विद्यार्थ्यांच्या मानाने फारच छान!" आणि माझं डोकंच फिरलं. गॅदरिंग होतं का ते?

चुका झाल्या, मान्य. सुरुवातीलाच तंतुवाद्यं सात सप्तकांत एकच स्वर धरून बसतात, अगदी हलका. तिथे एक व्हायोलिन कणसूर झालं. दुसऱ्या भागातलं खेडवळ नाचाचं अंग घाईत गेलं. शेवटी ब्रासवाल्यांनी (ट्रम्पेट, हॉर्न वगैरे पितळी वाद्यं) बाकीच्यांना पार झाकून टाकलं. हे सगळं स्पष्ट बोलावं की. मानाबिनाची सवलत कशाला?

कारण तिसरा भाग त्यांनी जसा वाजवला तसा मी अजून ऐकला नव्हता. टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) मंद ठोक्यावर एकटा डबल बास एक बालगीत वाजवतो. आपल्याकडे बालवाडीत 'आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन' म्हणतात ना, तेच, पण कोमल गंधारात, उदास. शिकाऱ्याची तिरडी जंगलातले प्राणी वाजतगाजत नेतायत अशा एका जुन्या चित्रावरून मालरला हे सुचलं. मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या रेकॉर्डिंगमध्ये हा बास इतका गुळगुळीत लागतो की त्यातली थट्टाही जाते आणि भीतीही. काल आमच्या पठ्ठ्याचा गज थरथरत होता. ते बालगीत खरोखर मयतीला आल्यासारखं वाटलं.

शिवाय ही सिंफनी बहुतांशी लिहिली गेली ती याच गावात, 1888 साली. मालर तेव्हा इथल्या थिएटरात दुय्यम कंडक्टर होता, वय 27. म्हणजे आमच्या पीएचडीवाल्यांएवढाच! पुढच्या वर्षी बुडापेस्टला पहिला प्रयोग झाला तेव्हा लोक गोंधळून गेले होते. (त्याच्या वयाच्या मानाने छान, असं तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, माझी खात्री आहे.)

शेवटी हॉर्नवाल्यांनी उठून उभं राहायचं, असं मालरनेच स्वरलिपीत लिहून ठेवलंय. काल ते उठले तेव्हा एकाची खुर्ची धाडकन मागे पडली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

आज सकाळी बासवाला लॅबमध्ये भेटला. म्हणाला, "वरच्या सुरावर बोट घसरलं, कळलं का?" म्हटलं, हो, कळलं. मग दोघं कॉफी घ्यायला गेलो आणि तासभर त्या एका सुरावरच बोलत बसलो.