डिस्टिंक्शनची फळी

स्वयंपाकघरातली कपाटं मी स्वतः करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"कुठली ग्रेड देऊ?" वखारवाल्याने विचारलं. लाकडालाही ग्रेड असते हे मला त्या क्षणी कळलं.

"सगळ्यात चांगली," मी म्हणालो. ज्याला काही कळत नाही त्याच्यापाशी दुसरं उत्तर तरी काय असणार?

त्याने कुठलाही वाद न घालता 'एफएएस'च्या फळ्या काढल्या. एफएएस म्हणजे 'फर्स्ट्स अँड सेकंड्स'. घरी आणून भिंतीला टेकवल्या, तर काय देखण्या! आठ-आठ फूट लांब, हात फिरवला तर गाठ लागायची नाही. मग मी माझं रेखाचित्र उघडलं. झडपांच्या उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, त्यांच्या मधल्या फळ्या म्हणजे दिलहे. सर्वांत लांब तुकडा होता अडीच फुटांचा.

दोन दिवस मी त्या राजबिंड्या फळ्यांचे तुकडे पाडत होतो.

"अहो, तुकडेच करायचे होते तर एवढ्या लांब कशाला आणल्या?" बायकोने विचारलं.

"दर्जा असतो," मी करवतीच्या आवाजात उत्तर बुडवलं.

अर्धी कपाटं झाली आणि लाकूड संपलं. त्या रात्री मात्र मी वाचायला बसलो. या ग्रेडचे नियम अमेरिकेतल्या नॅशनल हार्डवुड लंबर असोसिएशनचे. संस्था 1898 सालची. यांची तपासणी भलतीच कडक. फळीच्या दोन बाजूंपैकी सहसा जी वाईट, ती बघून मार्क देतात. माझी कुणी अशी परीक्षा घेतली असती तर मी अजून आठवीतच असतो.

एफएएसची फळी किमान 6 इंच रुंद, 8 फूट लांब, आणि 83⅓ टक्के स्वच्छ, म्हणजे गाठी-भेगांविना, हवी. म्हणजे डिस्टिंक्शन. शिवाय ते स्वच्छ लाकूड मोठ्या तुकड्यांत मिळायला हवं: 4 इंच रुंद असेल तर 5 फूट लांब, 3 इंच असेल तर 7 फूट. त्याखालची 'नंबर वन कॉमन' 66⅔ टक्क्यांना पास, म्हणजे फर्स्ट क्लास. तिच्यात 4 इंच रुंद, 2 फूट लांब तुकडाही चालतो. आणि या ग्रेडला धंद्यात काय म्हणतात? कॅबिनेट ग्रेड! कपाटवाल्यांची ग्रेड! मी मात्र सात फुटांच्या स्वच्छ लाकडाचे पैसे मोजून त्याचे फूटभर तुकडे करत बसलो होतो.

माणूस एकदा फसला की थेट दुसऱ्या टोकाला जातो. "आता 'टू-ए कॉमन'च द्या," मी वखारीत जाऊन म्हणालो. ती 50 टक्क्यांवाली, आणखी स्वस्त. वखारवाल्याने कानावरची पेन्सिल काढली आणि एका फळकुटावर हिशेब मांडला. 100 बोर्ड फूट (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड) स्वच्छ लाकूड हवं असेल तर एफएएस 120 घ्यावं लागेल, नंबर वन 150, टू-ए 200. म्हणजे नंबर वनचा भाव एफएएसच्या चार-पंचमांशाहून कमी असेल तरच ती स्वस्त. आणि टू-ए घ्यायची तर तिचा भाव नंबर वनच्या पाऊणपटीखाली हवा. "छोटे तुकडे असले की गाठींच्या मधलंही कामी येतं, थोडं जास्तच निघतं," तो म्हणाला. "पण उरलेल्या लाकडालाही रंधा तुम्हीच मारणार ना?"

मी नंबर वन घेतली.

मग खडू घेऊन जमिनीवर बसलो. आधी लांब तुकडे आखायचे, मग आखूड, हे शहाणपण मला चौथ्या फळीला सुचलं. जिथे पट्टी आखावी तिथे गाठ डोळे वटारून बघत असायची. एक भेग तर अशी होती की मी तुकडा सरकवेन तिकडे तीही सरकते असं वाटे. पण निघाले, सगळे तुकडे निघाले! झडपा बसल्या. आणि तेव्हा लक्षात आलं की रंगाला सहसा मार्कच नसतात. शेजारशेजारच्या दोन झडपा, दोन्ही निर्दोष. एक दुधाळ, एक तपकिरी. सावत्र भाऊ फोटोला उभे केल्यासारख्या.

"छान झालंय," बायको म्हणाली. मग तिने वर बोट दाखवलं. "तिथे आडवी पट्टी येणार ना? सलग?"

येणार होती. सगळ्या कपाटांच्या माथ्यावरून, सात फूट, एकही जोड न देता. मी कोपऱ्यातला ढीग उपसला. नंबर वनची एक फळी लांबीला पुरत होती, पण तिच्या बरोबर मधोमध बशीएवढी गाठ. एफएएसचा उरलेला सर्वांत मोठा तुकडा भरला दोन फूट चार इंच.

वखारवाल्याने या खेपेला ग्रेड विचारली नाही. मला लांबून येताना बघूनच तो एफएएसच्या थप्पीकडे वळला.