गीता शिकवायला बंदी घालणारं कलम घटनेत नाही

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: कलम ३० मुळे मुसलमान आणि ख्रिश्चन आपल्या शाळांत आपला धर्म शिकवू शकतात, पण ‘३० अ’ नुसार हिंदूंना गीता शिकवायला बंदी आहे. सरदार पटेलांनी ते अडवून धरलं होतं, ते गेल्यावर नेहरूंनी घुसवलं. अल्पसंख्याकांच्या शाळांवर सरकारचं काही चालत नाही. तेव्हा कलम ३० रद्द करा.

पाठवणारी माझ्याच हाताखाली शिकलेली मुलं आहेत. मनात खोट ठेवून त्यांनी ते पाठवलेलं नाही, म्हणून तर नीट उत्तर द्यायला हवं.

पटेलांचं आधी सांगतो. संविधान सभेने घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी आणि धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क देणारं कलम ३० तेव्हापासून तिच्यात आहे. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांविषयीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष खुद्द पटेल होते. त्यांचं निधन १५ डिसेंबर १९५० चं.

‘३० अ’ नावाचं कलमच नाही. आहे तो कलम ३० च्या पोटातला ‘१क’ हा खंड, आणि तो आला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने. नेहरूंना जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती. त्यात गीता नाही, कुराण नाही, अभ्यासक्रमच नाही. अल्पसंख्याक संस्थेची जागा सरकारने सक्तीने संपादित केली, तर भरपाई इतकी तुटपुंजी नको की संस्था चालवण्याचा हक्कच बुडेल, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेतल्या धर्मशिक्षणाबद्दल बोलतं ते कलम २८. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याच धर्माचं धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिथे गीतेला जो नियम, तोच कुराणाला आणि बायबलला. खाजगी शाळा मान्यताप्राप्त असो की अनुदानित, तिथे ते देता येतं, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. हिंदू संस्थेची शाळा आणि मिशनची शाळा, दोघींना हे सारखंच लागू. शिवाय धार्मिक शिक्षण वेगळं आणि धर्मांची ओळख करून देणं वेगळं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी ११ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क सगळ्याच नागरिकांना आहे. गुजरात सरकारने तर २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या शिक्षणात गीता आणायचं जाहीर केलं.

आणि एवढं लांब कशाला जायचं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. पत्र्याच्या वर्गांसमोर रोज परिपाठ व्हायचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले, एखादं पोर एक डोळा किलकिला करून गुरुजी कुठे आहेत ते बघणारं, आणि सगळ्यांच्या तोंडी पसायदान. पसायदान कुठलं? ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटचं. आणि ज्ञानेश्वरी ही गीतेवरचीच टीका. ही मुलंही माझ्यासमोर तेच म्हणत मोठी झाली आहेत.

‘सरकारचं काही चालत नाही’ हे तर मी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या उलट आहे. आमच्या गावातल्या उर्दू शाळेचे मुख्याध्यापक आणि मी, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या एकाच बाकावर संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करून घेण्याची, फाइल मांडीवर घेऊन किती दुपारी बसलोय. पट तोच मोजायचा, युडायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, तीच भरायची, दहावीला बोर्ड तेच. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा आहे. अल्पसंख्याक शाळेला त्यात सूट आहे ती मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांच्या नेमणुकीपुरती. बाकीच्या शिक्षकाला अन्यायाने काढलं, तर तो शाळा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या शिक्षण विधेयकावर १९५८ मध्येच सांगून ठेवलंय. पश्चिम बंगालमध्ये अनुदानित मदरशांतल्या शिक्षकांची निवड आयोगामार्फत करण्याचा कायदा न्यायालयाने २०२० मध्ये उचलून धरला.

मेसेजमध्ये नसलेला, पण मला खरा वाटणारा एक आक्षेप आहे. शिक्षण हक्क कायद्यातली गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांची अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही त्या कायद्यातून सुटल्या. गरीब मुलाला दार बंद होतं, हे मला पटत नाही. त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितलं. भांडायचंच तर यावर भांडा. मात्र त्याच कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मदरशांना जी सूट दिली, ती त्याच वाक्यात वेदपाठशाळांनाही दिली आहे, तेवढं वाचून भांडा.

राहिली कलम रद्द करण्याची मागणी. कलम ३० धर्माइतकंच भाषेसाठी आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं. पंजाबात हिंदू अल्पसंख्याक आहेत म्हणून आर्य समाजाच्या डीएव्ही कॉलेजला १९७१ मध्ये याच कलमाचं संरक्षण मिळालं. मुंबईतल्या गुजराती, सिंधी, तमिळ संस्था याच्याच आधाराने उभ्या आहेत. आणि बेळगावात, इंदुरात, बडोद्यात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक आहे. तिथे मराठी शाळा काढण्याचा आणि आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क त्याला ज्या कलमाने मिळतो, तेच रद्द करा म्हणून आपण मेसेज पुढे ढकलतोय.